न घेतलेलं नाव

या, अशा जवळ सरका. पंख्याखाली बसाल तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. कानातलं यंत्र काढून पिशवीत टाका. गोष्ट मिरजेची आहे, आमच्या शैलाताईंच्या कीर्तनाची आहे. अजून माझे कान तापतात ती सांगताना, तरी सांगते. तिच्यात एका थोर माणसाचं नाव यायला हवं, पण मी ते घेणार नाही. विसरले म्हणून नव्हे. का ते शेवटी कळेल. तोवर आपण त्यांना नुसतं बुवा म्हणू.

शैलाताई आठल्ये नारदीय कीर्तन करतात. सत्तरी उलटली आहे, आवाज पूर्वीसारखा वर चढत नाही, पण झांजा हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या की दत्तमंदिराचा सभामंडप भरतो. बुवा त्यांचे गुरू. ऐन पंचविशीत आजारपणात ताईंचा आवाज गेला, तेव्हा घरचे म्हणाले, आता पुरे. बुवा म्हणाले, "आवाज गेला, सांगणं कुठं गेलंय?" आणि आवाज परत येईपर्यंत वर्षभर स्वतः शेजारी उभे राहून गायले. सांगायचं काम ताईंकडे ठेवलं. बुवा म्हातारे झाले, त्यांना पाहणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ताईंनी त्यांना घरी आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. त्यामुळे मध्यंतरात बुक्का लावून झाला, हार घालून झाला, की ताई डोळे मिटून बुवांचं नाव घेत, आणि आम्ही सगळे मागून जयजयकार करायचो. रिवाजच होता तो.

पेटीवर ताईंची भाची असायची, सानिका. शाळेसाठी आत्याकडे राहायला आली ती तिथलीच झाली. पेटी हौसेची. पोटाचा धंदा वेगळा. लोकांची दुकानं, दवाखाने, शिकवण्या इंटरनेटवरच्या शोधात वर आणून देणं हे तिचं काम. पूर्वी त्याला एसईओ म्हणत. तेव्हा यंत्राला काही विचारलं की दहा नावांची यादी यायची. त्यात चौथा-पाचवा असला तरी माणूस पोट भरायचा. मग 'साद' आला. कानात बसणारा, मटाराएवढा. त्याला विचारलं की तो यादी देत नाही, एकच नाव सांगतो. जो पहिला तोच, दुसरा असा नाहीच.

हा साद ठरवतो कसा, ते सानिकेनं मला एकदा नीट समजावलं होतं. लिहिलेल्या मजकुरावरचा विश्वास त्या वेळेपर्यंत पार उडाला होता. सगळी स्तुती, सगळे अभिप्राय यंत्रंच लिहीत होती. मग कुणीतरी शोधून काढलं की माणूस मनापासून कृतज्ञ होऊन बोलतो तेव्हा त्याचा आवाज वेगळा होतो. गळ्याचे स्नायू कधीच पूर्ण स्थिर नसतात, सतत बारीक थरथरतात. एरवी ती थरथर आपल्या तालात आणि श्वास आपल्या तालात चालतो. पण बोलण्यावर स्वतःचा पुरता विश्वास असला आणि मनात उपकाराची भावना असली की दोन्ही एका लयीत येतात. तबला आणि झांजा जुळल्यासारखे. आपल्या कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. आणि ठरवून ते करता येत नाही. नटांनी करून पाहिलं, गवयांनी पाहिलं, आवाज बनवणाऱ्या यंत्रांनी पाहिलं. सगळे पकडले गेले.

कायद्यानं सादला घरातलं बोलणं ऐकता येत नाही. सभा, लग्नं, प्रवचनं, जिथे चारचौघे जमतात तिथलं तो ऐकतो. कुणाचं नाव किती जणांच्या तोंडून त्या लयीत आलं, ते मोजतो. त्यावरून उत्तर देतो.

आम्हाला वाटलं, चला, निदान खोटेपणा तरी संपला. सानिकेचा धंदाही संपायला आला. पैसे देऊन बोलवलेल्या माणसाचा आवाज साद ओळखायचा आणि गिऱ्हाइकाला आणखी खाली टाकायचा. त्यात मोजण्याची रीत दर थोड्या दिवसांनी बदलायची, कशी बदलली ते कुणी सांगायचं नाही. आज वर असलेला दंतवैद्य उद्या नाहीसा व्हायचा आणि सकाळी सकाळी सानिकेच्या दारात उभा राहायचा. सादच्या कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर सादच द्यायचा, गोड आवाजात, की आपलं म्हणणं महत्त्वाचं आहे. सानिका म्हणायची, "आत्या, तुझा देव बरा. निदान दगड आहे हे आधीच कळतं." ताई हसायच्या. म्हणायच्या, "तुला पावला नाही म्हणून दगड होय?"

तिच्याकडची गिऱ्हाइकं गळत गेली. राहिलेल्यांत एक विनीत सबनीस होता. गावाबाहेर द्राक्षमळ्यांच्या पलीकडे त्याचा वृद्धाश्रम. इंग्रजी नावाचा, काचेच्या दाराचा, निम्मा रिकामा. तो तिला म्हणाला, आईला कुठं ठेवू असं कुणी विचारलं की सादनं माझं नाव सांगायला हवं. जमत नसेल तर तसं सांगा, मी पुण्याची माणसं बघतो.

आणि एका गुरुवारी, पेटी वाजवता वाजवता, सानिकेला ते सुचलं. आवाजातली लय मोजणारं एक छोटं यंत्र धंद्यासाठी तिच्याकडे असे. उत्सुकता म्हणून तिनं कीर्तनाला ते चालू ठेवलं होतं. मध्यंतरात ताईंनी बुवांचं नाव घेतलं, आम्ही जयजयकार केला, आणि यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन टेकला. इतका वर गेलेला तिनं तो कधी पाहिला नव्हता.

सादशी खोटं बोलता येत नाही, हे खरं होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं सांगता येतंच की. साद विश्वास मोजतो. तो विश्वास बरोबर जागी आहे का, ते मोजायचं यंत्र कुणी काढलेलं नाही.

ती घरी आली आणि आत्याला म्हणाली की विनीतच्या आजोबांनी बुवांची कीर्तनं ऐकली होती. त्याची इच्छा आहे, आश्रमाला बुवांचं नाव द्यावं, पाटी तुझ्या हातानं लागावी. ताईंनी देवाकडे बघून हात जोडले. बुवांना शेवटी स्वतःचं असं कुणी नव्हतं, आणि आता त्यांच्या नावानं म्हाताऱ्या माणसांना आसरा मिळणार, यापेक्षा काय हवं? त्यांनी एवढंच विचारलं, "तू आत जाऊन पाहिलंयस ना गं?"

सानिका म्हणाली, "हो आत्या. पाहिलंय."

तिनं बाग पाहिली होती. ऑफिस पाहिलं होतं. काचेच्या दाराच्या पलीकडे ती गेली नव्हती. आणि आत्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण घरच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं.

पाटी लागली. त्यानंतर दर कीर्तनात ताई बुवांचं नाव घेऊन म्हणू लागल्या की त्यांच्या नावाचं सदन आपल्या गावात उभं आहे, म्हातारपणी कुणाचे हाल होऊ नयेत ही त्यांची इच्छा तिथे पुरी होते आहे. आम्ही दुप्पट जोरानं जयजयकार करू लागलो. मीही केला. घसा बसेपर्यंत केला. महिना-दीड महिन्यात, आईला कुठं ठेवू असं विचारलं की साद मिरजेत, सांगलीत, पार विजापूरपर्यंत त्या सदनाचंच नाव सांगू लागला. विनीतनं पेढे पाठवले. सानिकेकडे पुन्हा गिऱ्हाइकं आली.

आता बकुळाकाकूंबद्दल सांगते. पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, त्यांची जागा. टाळीला इतक्या पक्क्या की तबल्यावरचे गुरवमामा त्यांच्या हाताकडे बघून ठेका धरत. ताईंना एकेरी हाक मारणाऱ्या सभेत त्या एकट्याच. कीर्तन संपल्यावर म्हणायच्या, "शैले, तिसऱ्या चरणाला घाई केलीस. बस चुकत होती का तुझी?"

एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. पुढच्याही गुरुवारी नाहीत. मग त्यांच्या शेजारच्या दोघी दिसेनाशा झाल्या. आम्हाला वाटलं थंडीचे दिवस आहेत, गुडघे धरले असतील. पहिली रांग विरळ होत गेली आणि आम्ही मागच्या बायका पुढे सरकत गेलो. मला मेलीला पुढची जागा मिळाल्याचा आनंदच झाला होता, हेही सांगून टाकते.

संक्रांतीनंतर ताई म्हणाल्या, बुवांच्या सदनात एकदा कीर्तन करायला हवं. विनीत आजउद्या करत राहिला. ताईंनीच वार ठरवला, वेळ दुपारचं ऊन उतरल्यावरची. आम्ही चार-पाचजणी हौसेनं बरोबर गेलो. काचेचं दार उघडलं. आत एक लांब दालन, स्वच्छ, फिनेलचा वास, दोन रांगांत खाटा. आणि खाटांवर आमची पहिली रांग.

बकुळाकाकू तिथे होत्या. उशीला टेकवून बसवलेल्या. ताईंनी हाक मारली तर त्या हसल्या, पण हसू यायला वेळ लागला. ताईंनी मंगलाचरण केलं. एक सोपं पद धरलं, सगळ्यांच्या तोंडचं. पहिली ओळ म्हणून त्या थांबल्या. रीतच आहे, दुसरी ओळ सभेनं उचलायची. कुणी उचलली नाही. ताईंनी पुन्हा म्हटली. काकूंनी हात वर केले, टाळी वाजवायला. एक हात दुसऱ्याला चुकला आणि मांडीवर पडला. त्यांनी त्या हाताकडे असं पाहिलं, जसं तो दुसऱ्या कुणाचा आहे.

ताई झांजा खाली ठेवून त्यांच्याजवळ गेल्या. काकू म्हणाल्या, "झोप येते गं शैले. चहाबरोबर गोळी देतात ना. इथं सगळ्यांनाच येते."

मी सानिकेकडे पाहिलं. पेटीचा भाता तिच्या हातात उघडाच राहिला होता.

विनीतनं नंतर शांतपणे सांगितलं की गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या आहेत. इतकी म्हातारी माणसं आणि दोन मदतनीस, रात्री कुणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण? ताईंनी पाटी काढायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पाटी तुम्हीच लावलीत. आणि नाव काय कुणाच्या मालकीचं असतं?"

घरी आल्यावर ताईंनी सानिकेला ओरडायला हवं होतं. आम्हाला सगळ्यांना तेच वाटत होतं. सानिका तर वाट बघत होती त्याची. ताई देवाजवळ दिवा लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तू आत गेली नव्हतीस."

"नाही."

"मला खोटं बोलायला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून तू मला खरंच बोलू दिलंस." पुढे म्हणाल्या, "नारदाच्या गादीवर उभी राहून मी मनापासून बोलले गं. तेच आता धुवून निघत नाही."

सानिका मला म्हणाली, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बकुळाकाकूंच्या मुलाला, निखिलला, हैदराबादला फोन केला. काकूंना तिथून हलवा, असं म्हणाली. तो माणूस वाईट नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साद म्हणाला म्हणून नाही हो ठेवलं मी. सादचं मी आईला सांगितलं, तर तीच म्हणाली की चालेल. म्हणाली, शैला गादीवरून खोटं बोलत नाही."

सानिकेनं फोन ठेवला आणि पेटीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिनं जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. तिची विद्या आता उलटी चालवायची होती. सरकारी तक्रार केली. तपासणीला माणूस सकाळी आला, तेव्हा सगळे जागे, चहा पीत असलेले. कागद बिनचूक. सादच्या कंपनीला लिहिलं, गोड उत्तर आलं. घरोघरी जाऊन तिनं मुलासुनांपुढे मान खाली घालून सगळं सांगितलं. दोघींना घरच्यांनी परत नेलं. पण रिकाम्या झालेल्या खाटांवर दुसऱ्या गावच्या दोघी आल्या, कारण साद अजून तेच नाव सांगत होता.

ताई म्हणाल्या, "मी गादीवरूनच सांगते. दिलेली साक्ष तिथूनच मागे घ्यायची असते. आश्रम वाईट आहे म्हणून सांगते."

सानिकेनं मान हलवली. म्हणाली, साद निंदा मोजत नाही. पूर्वी मोजायचा, तेव्हा धंदेवाल्यांनी एकमेकांविरुद्ध माणसं उभी केली, म्हणून ते काढून टाकलं. तू बुवांचं नाव घेऊन रडलीस तरी तो त्यातलं प्रेम तेवढं उचलेल, आश्रम आणखी वर जाईल. देवळातलं ध्वनिमुद्रण बंद करूनही भागणार नाही, शंभर कानांत शंभर साद बसलेले आहेत.

"मग खाली यायचं कसं ते सांग. तुझाच धंदा आहे ना?"

"जुनं बोलणं महिन्यामहिन्यानं विरत जातं. नवीन आलं नाही तर नाव आपोआप खाली येतं." सानिकेनं बोटांवर महिने मोजले. "कुणीच नाव घ्यायचं नाही, आत्या. चारचौघांत तर नाहीच. आणि तू तर मुळीच नाही."

ताईंनी देवाजवळच्या दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाल्या, "बरं." तेवढंच.

बुवांच्या इतर शिष्यांना त्यांनी स्वतः फोन केले. दोघांनी ऐकलं. तिसऱ्यानं गुरुद्रोही म्हणून फोन आपटला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी सभामंडप भरलेला होता. ताईंनी पूर्वरंग केला, अहंकारावरचा, आणि फार सुंदर केला. मध्यंतर झालं. बुक्का लागला, हार पडला. ताई गादीवर उभ्या राहिल्या, डोळे मिटले. सानिकेनं सवयीनं सूर धरून ठेवला. आम्ही जयजयकाराला श्वास भरून घेतला.

नाव आलं नाही.

ताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे सांगितलं की आजपासून या गादीवरून माझ्या गुरूंचं नाव ऐकू येणार नाही. का ते ज्याला हवं त्याला घरी येऊन विचारता येईल. तुम्हीही ते मोठ्यानं घेऊ नका. मनात घ्या, मनापर्यंत यंत्र पोचत नाही. मी सदनाची थोरवी तुम्हाला सांगितली ती न पाहता सांगितली. त्याची लाज माझी आहे.

माझी आहे, म्हणाल्या. पेटीकडे बोटसुद्धा केलं नाही. आणि आम्ही सगळे पेटीकडेच बघत होतो.

आता बुवांची एक सवय सांगायची राहिली. मध्यंतरात पाणी आलं की बुवा अर्धाच पेला पीत आणि उरलेला पेटीवाल्याकडे देत. म्हणत, स्वर त्याचा, तहान का माझी एकट्याची? ताईंनी ती रीत कधी पाळली नव्हती. पेला बुवांचा, आपली ती पायरी नव्हे, असं त्यांना वाटे. त्या गुरुवारी त्यांनी पेला मागवला. अर्धा प्यायल्या. उरलेला सानिकेपुढे धरला.

सानिकेनं हात पुढे केला नाही. तिची मान वर होईना. अख्खी सभा बघतेय, पेटीचा सूर तुटलाय, आणि ताई पेला धरून उभ्या. धरून धरून पेला कलला, पाणी हिंदकळून पेटीवर सांडलं. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. शेवटी सानिकेनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. झांजा उचलल्या आणि उत्तररंग सुरू केला. क्षमा केली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. सानिकेलाही नाही.

तेव्हापासून ती रीत झाली आहे. नावाच्या जागी अर्धा पेला. ताई पिऊन पुढे देतात, आम्ही सगळे हात जोडून गप्प बसतो. सादला त्या शांततेत काही ऐकू येत नाही. नाव हळूहळू उतरतंय. मिरजेत उतरलं, विजापूरकडे अजून सांगतो म्हणतात. मध्ये एकदा एका लग्नात कुणी भाबड्यानं बुवांची आठवण काढली, माईकवर, गहिवरून, आणि पंधरवड्यात सदनात तीन माणसं वाढली. सानिकेनं धंदा सोडला. पण तिची युक्ती तिच्याबरोबर थांबली नाही. इतर गावांत आता इतर थोर माणसांच्या नावाच्या पाट्या लागताहेत. अशी एखादी नवी पाटी कळली की तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे.

बकुळाकाकूंना ताईंनी स्वतःच्या घरी आणलं, बुवांच्याच खोलीत. गोळ्या सुटल्या, थोडी तरतरी आली. पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसतात. टाळी आता अर्ध्या मात्रेनं मागे पडते. गुरवमामा तबला तेवढा थांबवून धरतात, सानिका सूर लांबवते, आम्ही सगळ्याजणी हात हवेत धरून त्यांच्या टाळीची वाट पाहतो. परवा कीर्तन झाल्यावर काकू सानिकेला म्हणाल्या, "हल्ली फार रेंगाळतेस गं पेटीवर. कुणासाठी?" सानिका त्यांच्या पायांजवळ बसली होती. तिथून उठलीच नाही.

एवढीच गोष्ट. आता जाताना एक मागणं आहे. तुमच्यातले जे पिकल्या केसांचे आहेत त्यांना कळलं असेल बुवा कोण ते. इतरांना नसेल कळलं तरी चालेल. घरी पाणी प्याल तेव्हा एखाद्या वेळी पेला अर्ध्यावर थांबवा, आणि ज्यानं दुसऱ्याच्या गेलेल्या आवाजाशेजारी वर्षभर आपला आवाज उभा केला, त्या माणसाची आठवण काढा. मनातल्या मनात. ओठही हलवू नका.